प्रकाशाचा ठिपका

सिमल्याच्या वाटेवर ज्यांनी चंदीगड पाहिले असेल, त्यांना ल कॉर्बुझिएच्या इमारती, सुखना सरोवर आणि ते आखीव रस्ते आठवत असतील. सेक्टर ३० मधील एका संस्थेकडे मात्र प्रवाशाचे लक्ष सहसा जात नाही. केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना हे तिचे नाव. १९५९ साली दिल्लीत स्थापन झालेली ही संस्था १९६२ साली चंदीगडला आली, आणि पुढल्याच वर्षी तिच्या आवारात स्वित्झर्लंडच्या साहाय्याने तरुणांना नाजूक यंत्रकामाचे शिक्षण देणारे केंद्र सुरू झाले. येथून दक्षिणेस थोड्याच अंतरावर अंबाला लागते. आपल्या शाळा-महाविद्यालयांतील पुष्कळसे सूक्ष्मदर्शक तेथल्या कारखान्यांत घडतात. भिंगांशी असा घरोबा असलेल्या या मुलुखाच्या निमित्ताने एक प्रश्न आपणांस विचारावासा वाटतो. कारागिराने भिंग अधिकाधिक बिनचूक घासले, तर त्यातून कितीही लहान वस्तू दिसू शकेल काय?

उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्यात कारागिराचा काही दोष नाही. आपल्या घरी रांगोळीचे ठिपके घालणारा हात कितीही तरबेज असो, चिमटीतून पडणाऱ्या ठिपक्याला काही एक रुंदी असतेच. दोन ठिपके त्या रुंदीहून जवळ घातले, की त्यांचा एकच डाग होतो. प्रकाशाचेही तसेच आहे. प्रकाश लहरींनी चालतो, म्हणून उत्तमांतले उत्तम भिंगदेखील एका बिंदूची प्रतिमा बिंदूएवढी न उमटवता लहानशा ठिपक्याएवढी उमटवते. जर्मनीतील येना येथे एर्न्स्ट आबे या पदार्थवैज्ञानिकाने १८७३ साली हा नियम मांडला. या ठिपक्याची रुंदी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्मी असते. हिरव्या प्रकाशासाठी ती सुमारे २०० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा पाच हजारावा भाग. त्याहून जवळ असलेल्या दोन वस्तू सूक्ष्मदर्शकाला एकच भासतात.

ही मर्यादा केवळ पुस्तकी नव्हे. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगाला दाखविला, तो आबे यांच्याच भिंगांच्या मदतीने. हा जंतू दोन ते चार मायक्रोमीटर लांब असला, तरी त्याची जाडी अवघी ०.२ ते ०.५ मायक्रोमीटर असते. म्हणजे तो मर्यादेच्या अगदी उंबरठ्यावर, पण सुदैवाने अलीकडच्या बाजूस उभा आहे. तसा नसता, तर खेड्यापाड्यांतील दवाखान्यांत थुंकीची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरून क्षयाचे निदान करणे शक्यच झाले नसते. इन्फ्लुएंझाचा किंवा करोनाचा विषाणू सुमारे १०० नॅनोमीटरचा, म्हणजे उंबरठ्यापलीकडचा. तो पाहण्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, आणि त्यात नमुना सामान्यतः निर्वात पोकळीत ठेवावा लागत असल्याने जिवंत पेशीची हालचाल पाहता येत नाही. विषाणू जिवंत पेशीत कसा शिरतो आणि तिची प्रथिने कोठे कशी वावरतात, हे पाहायचे तर प्रकाशच हवा. आणि प्रकाशाचा ठिपका तर मोठा. शंभराहून अधिक वर्षे शास्त्रज्ञ या पेचात होते.

यातून वाट कशी निघाली? कल्पना करा, की रात्री कसौलीच्या डोंगरावरून आपण खाली मैदानातले चंदीगड पाहत आहोत. हजारो दिव्यांचा एकच उजेड दिसतो. घर वेगळे ओळखू येत नाही. आता सर्वांनी दिवे मालवले आणि एकेका घराने पाळीपाळीने आपला दिवा लावला तर? प्रत्येक दिवा दुरून पसरटच दिसेल, परंतु त्या पसरट ठिपक्याचा मध्य कोठे, हे आपण कागदावर अचूक टिंबाने नोंदवू शकू. रात्रभर अशी टिंबे मांडली, की पहाटेपर्यंत साऱ्या शहराचा नकाशा तयार! दिवे पूर्वीइतकेच पसरट राहिले. शेजाऱ्यांनी एकाच वेळी उजळायचे नाही, एवढेच ठरले.

पेशीतील प्रथिनांना असे पाळीने उजळायला लावण्याचे काम एरिक बेट्झिग यांनी केले. हे गृहस्थ १९९५ च्या सुमारास संशोधनाला कंटाळून वडिलांच्या यंत्रांच्या कारखान्यात कामाला गेले होते. पुढे मन पुन्हा विज्ञानाकडे वळले, तेव्हा ना नोकरी होती ना प्रयोगशाळा. २००५ साली हॅरल्ड हेस या मित्राच्या कॅलिफोर्नियातील घरी, चक्क दिवाणखान्यात, दोघांनी यंत्र जुळविले. एका जेलीफिशच्या अंगच्या चमकणाऱ्या प्रथिनापासून घडविलेले रेणू पेशीत जोडून, मंद जांभळ्या प्रकाशाने थोडेथोडे जागे करावयाचे, त्यांची जागा टिपावयाची, ते विझले की पुढचे; असे हजारो वेळा. २००६ साली हे काम प्रसिद्ध झाले.

जर्मनीतील श्टेफान हेल यांनी त्यापूर्वीच, १९९४ साली, निराळी युक्ती सुचविली होती. एका किरणाने ठिपकाभर रेणू उजळावयाचे आणि बांगडीच्या आकाराच्या दुसऱ्या किरणाने कडेचे विझवावयाचे. उजळलेला उरतो तो केवळ मधला कण. या दोघांना आणि एकाच रेणूचा प्रकाशाशी चाललेला व्यवहार प्रथम टिपणाऱ्या विल्यम मोर्नर यांना २०१४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०० नॅनोमीटरऐवजी आता २० नॅनोमीटरपर्यंत, क्वचित त्याहूनही बारीक, पाहता येते.

वृत्तपत्रांनी तेव्हा ‘आबेचा नियम मोडला’ असे मथळे दिले, ते मला पटत नाहीत. नियम आहे तेथेच आहे. त्याला वळसा घातला गेला. आणि वळशाचे मोलही पडते. प्रखर लेसरने पेशी होरपळते, हजारो चित्रे घेण्यास वेळ लागतो, आणि न उजळणाऱ्या पदार्थाला ही युक्ती लागूच पडत नाही.

आपल्या मुलांच्या शाळेतला सूक्ष्मदर्शक अजून आबेच्याच राज्यात आहे, हे आपण स्वतः पडताळू शकता. शंभरपट मोठे दाखविणाऱ्या भिंगाच्या नळीवर बहुधा १.२५ हा आकडा कोरलेला असतो. त्याची दुप्पट २.५. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर, तिला २.५ ने भागले, की येतात २२०. त्या यंत्राची धाव तेवढीच. म्हणून दुकानदार ‘दोन हजार पट’ म्हणून अधिक पैसे मागू लागला, तर नळीवरचा हा आकडा आधी वाचावा. एकंदर विशालन त्या आकड्याच्या हजारपटीहून, म्हणजे येथे साडेबाराशेहून, फारसे वाढविले, तर ठिपका मोठा दिसेल, पण त्यात नवे काही दिसणार नाही.