कुत्र्याला मशीन घेताय? आधी पातं बघा



आज पिकाची नोंद नाही, राखणदाराची आहे.

वस्तीवरची कुत्री बदलली. पूर्वी गावठी असायचं, फार तर मेंढपाळाकडनं आणलेलं पिल्लू. आता जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, पामेरियन सगळीकडं दिसतात. कुणी हौसेनं आणलेलं, कुणी शहरातल्या पाहुण्यानं "तुमच्याकडं जागा मोकळी आहे" म्हणून सोडून गेलेलं. जागा मोकळी आहे खरी, पण अंगावरचा केसांचा भारा कुणी बघायचा? मग मार्च लागला की एकच विचार येतो. मशीन आणू, सगळं भादरून टाकू, बिचाऱ्याला गार वाटेल.

माझं मत सरळ आहे. मशीन जरूर घ्या, पण कुत्रं भादरायला घेऊ नका.

या कुत्र्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला मऊ, लोकरीसारखा. वरचा लांब आणि राठ. वरचा थर ऊन आणि पाणी कातडीपर्यंत पोचू देत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते मुख्यतः जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग गार करतं. त्यामुळं केस काढल्यानं आपल्याला वाटतं तेवढं गार त्याला वाटत नाही. उलट उघड्या कातडीला ऊन भाजतं. आणि एकदा मुळापर्यंत काढलेले केस काही कुत्र्यांना महिनोन्‌महिने नीट येत नाहीत, ठिगळं पडल्यासारखं अंग दिसतं.

कुणी म्हणेल, मेंढीची लोकर कातरतात, मग कुत्र्याची का नको? कारण मेंढीची लोकर वाढतच राहते, ती आपण काढावी लागते. कुत्र्याचा आतला थर हंगामात आपोआप गळतो. तो अडकू नये एवढंच आपलं काम, आणि त्याला फणी लागते, मशीन नाही. मेंढीचं कातरायचं मशीन तर कुत्र्याला लावूच नका. त्याचे दाते लोकरीच्या मापाचे, कुत्र्याची सैल कातडी त्यात सापडते.

मग मशीन कशाला? जटांसाठी. कानामागं, काखेत, मांडीच्या आत, शेपटीखाली केसांच्या गाठी होतात. दिवाळीनंतर त्यात कुसळं घुसतात. पावसाळ्यात त्या दिवस दिवस ओल्या राहतात, आत कातडी नासते, माशी बसते आणि दिवसभरात अंड्यांच्या अळ्या होतात. वरून कुत्रं धडधाकट दिसतं, खाली किडे पडलेले असतात. वास यायला लागल्यावर आपल्याला कळतं, तोवर मांस खाल्लेलं असतं. गोचीडही तिथंच लपतो. पंजाच्या फटीतल्या केसांना काळ्या मातीचे गोळे चिकटतात आणि कुत्रं लंगडतं. एवढ्या जागा साफ ठेवायच्या. मशीनचं काम तेवढंच, पण ते जीव वाचवणारं काम आहे.

आता निवड. घरातलं दाढीचं ट्रिमर काढू नका. जाड केसात ते अडकतं, केस कापायच्या ऐवजी ओढतं. एकदा ओढलं की कुत्रं पुढच्या वेळी मशीनचा आवाज ऐकूनच पळतं.

मशीनपेक्षा पात्याकडं बघा. पातं काढता-घालता येणारं हवं. 'ए५' पद्धतीची पाती बऱ्याच कंपन्यांच्या मशीनला बसतात, त्यामुळं पातं बोथट झालं तरी मशीन फेकावं लागत नाही. पात्याचा नंबर उलटा चालतो: नंबर मोठा तेवढा केस बारीक. १० नंबर साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतो, ७ एफ तीन मिलिमीटरच्या आसपास, ४ एफ नऊ-साडेनऊ. घरच्या माणसाला १० नंबर पुरे. ३० आणि ४० नंबर दवाखान्यात ठीक, आपल्या हातात नकोत. एक दात लांब, एक आखूड असं पातं दुकानदार जाड केसासाठी म्हणून दाखवतो. त्या फटीत पातळ कातडी जाते, नवख्यानं घेऊ नये. वर लावायच्या प्लॅस्टिकच्या फण्या दहा दिल्या म्हणून भुलू नका, जटेत त्यातली एकही शिरत नाही.

दुसरं, लाईट. वस्तीवर व्होल्टेज कसं असतं ते सांगायला नको. बॅटरीचं घेतलेलं बरं, वायर कुत्र्याच्या पायातही येत नाही. तिसरं, आवाज. दुकानात चालू करून हातात धरा. जास्त थरथरत असेल तर ठेवून द्या.

वापरताना एवढं पाळा. जट आधी कोरडीच काढा, अंघोळ मागाहून. ओली झाली की ती अजून आवळते. कात्री लावू नका, जटेबरोबर कातडी वर येते आणि कापली जाते. मशीनही कातडी हातानं ताणून, सपाट धरून चालवा. मातीनं भरलेल्या केसात पातं लगेच बोथट होतं, म्हणून आधी झटकून घ्या. पातं तापतं, दर चार-पाच मिनिटांनी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, आपल्याला चटका बसला तर त्यालाही बसतोय. तेल मशीनचंच घाला, गोडं तेल नको, त्याचा चिकटा होतो.

चांगलं मशीन महाग वाटत असेल तर तीन-चार वस्त्यांत मिळून घ्या, फवारणी पंप घेतो तसं. फक्त प्रत्येक कुत्र्यानंतर पातं जंतुनाशकानं धुवा. गजकर्ण पात्यावरनं दुसऱ्या कुत्र्याला जातं, माणसालाही होतं.

आणि जखम किंवा अळ्या दिसल्या तर मशीन खाली ठेवा, जनावरांच्या डॉक्टरला बोलवा.

रात्रभर जागणारं जनावर आहे. आठवड्यातनं दोनदा फणी आणि पावसाळ्यात रोज काखेत, कानामागं एक हात फिरवणं, एवढं त्याचं आपल्याकडं येणं आहे.