शाळेच्या कामासाठी फॉन्ट निवडताना ‘ल’, ‘श’ आणि ‘मोऱ्या’कडे बघा



स्नेहसंमेलनाची पत्रिका, पहिलीची सरावपत्रिका, विज्ञान प्रदर्शनाचा तक्ता, हस्तलिखिताचं मुखपृष्ठ. ही कामं करताना आपण चित्रावर तासभर घालवतो आणि फॉन्ट मात्र यादीत समोर दिसेल तो घेतो. माझं स्पष्ट मत आहे की शाळेत फॉन्टची निवड हा सजावटीचा नाही, भाषाशिक्षणाचा विषय आहे. आणि शाळेने मुक्त परवान्याचेच फॉन्ट वापरावेत.

आधी अक्षरांचं बघू. आपण फळ्यावर पाकळ्यांचा ल काढतो, मूल तोच गिरवतं. मग आपणच छापून दिलेल्या कागदावर उजवीकडे उभी काठी असलेला, हिंदी वळणाचा ल येतो. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही, पण जे मूल नुकतं अक्षर ओळखायला शिकतंय त्याच्यासाठी ते दुसरंच चिन्ह असतं. ‘श’चंही तसंच. मराठी वर्णमाला आणि वर्णलेखनाविषयी ६ नोव्हेंबर २००९ चा शासन निर्णय आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो अद्ययावत झाला, त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरायला सांगितलं आहे. म्हणजे नियम आहे, आपण कागद छापताना तो विसरतो इतकंच.

दुसरी परीक्षा आपल्या गावाच्या नावातच आहे. मोरा लिहिणं सोपं, पण ‘मोऱ्याला’ आणि ‘मोऱ्याची लाँच’ लिहून बघा. मराठीतला हा आडवा र (ऱ्या) कच्च्या फॉन्टमध्ये मोडतो: कधी र खाली टिंब घेऊन सुटा पडतो, कधी त्याचा रफार होऊन ‘मोर्या’ दिसतं. बंदरावरच्या मुलांना तर हा फरक डोळ्यांनी कळलाच पाहिजे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. कोळीवाड्यातल्या मुलाने भित्तिपत्रकावर ‘दर्या’ लिहावं आणि प्रिंटमध्ये भलतंच यावं, हे बरं नाही. (कधी दोष फॉन्टचा नसून टायपिंगचा असतो. कीबोर्डवर ऱ वेगळा आहे, तो वापरायला मुलांना शिकवा.)

म्हणून नवा फॉन्ट घेतला की मी आधी त्यात एक ओळ टाइप करते: मोऱ्याच्या दर्यावर ॲल्युमिनियमची होडी, शाळेतला फळा, ज्ञान, क्षण, श्रद्धा. ॲच्या जागी चौकोन आला, ‘द्ध’ तुटला, ल काठीचा निघाला, तर तो फॉन्ट कितीही देखणा असो, पहिली-दुसरीच्या कागदावर नको. इंग्रजीला २६ अक्षरांवर भागतं. देवनागरीत जोडाक्षरं धरून शेकडो आकार काढावे लागतात, त्यामुळे अर्धवट फॉन्ट बरेच फिरत असतात.

मग चांगले कुठले? टायरो देवनागरी या फॉन्टची हिंदी, संस्कृत आणि मराठी अशी तीन वेगळी रूपं आहेत. एकाच लिपीची अक्षरं भाषेनुसार वेगळी हवीत हे त्या घडवणाऱ्यांना पटलं होतं, आपल्याला पटायला काय हरकत? त्यातलं मराठी रूप घ्या, गोष्टींच्या आणि वाचनाच्या कागदाला ते शोभतं. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता सात जाडींत मिळतो, सूचना आणि तक्त्यांना चांगला. त्यांचाच बालू शीर्षकाला, आणि मोदक नावासारखाच गुबगुबीत. मोदकात परिच्छेद लिहू नका, वाचणाऱ्याचे हाल होतात. २०२२ मध्ये आलेला अनेक तर दहा लिप्यांमध्ये आहे. ज्या वर्गात गुजराती, तेलुगू, बांगला बोलणाऱ्या घरांतली मुलं आहेत तिथे स्वागताचा फलक सगळ्यांच्या लिपीत एकाच वळणात करता येतो. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा आणि यशोवेणू मोफत दिले आहेत, तेही जरूर बघा. वरची ओळ मात्र प्रत्येकात टाइप करून पाहाच. काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली तरच ल आणि श बदलतात.

आता परवान्याची गोष्ट, कारण इथे आपण शिक्षकच जरा सैल असतो. ‘अहो, पेनड्राइव्हवर सगळे फॉन्ट आहेत, घ्या की!’ हे वाक्य प्रत्येक शाळेत ऐकू येतं. मुलांना ‘कॉपी करू नका’ सांगणारे आपणच! ‘मोफत मिळाला’ आणि ‘मुक्त आहे’ यांत फरक आहे. विंडोजबरोबर येणारा मंगल घ्या. र. कृ. जोशींसारख्या मोठ्या सुलेखनकाराने तो घडवला. विंडोजच्या कॉम्प्युटरवर तो खुशाल वापरा, पण म्हणून ती फाइल गावभर वाटायची मुभा मिळत नाही. ओपन फॉन्ट लायसन्समध्ये मात्र वापरणं, वाटणं, बदल करणंसुद्धा चालतं, नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही. त्या फॉन्टमधून केलेली पत्रिका किंवा पुस्तक पूर्णपणे तुमचं. म्हणजे शाळेत मुलगी ज्या फॉन्टमध्ये काम करते तोच तिच्या घरी, काकाच्या दुकानात, फ्लेक्सवाल्याकडे देता येतो. विकतचा फॉन्ट आवडला तर विकत घ्या. त्यामागे कुणाची तरी वर्षं गेलेली असतात.

आणखी एक. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये अजूनही प्रश्नपत्रिका करणारे आहेत. तो मजकूर व्हॉट्सॲपवर टाकला की इंग्रजी अक्षरांची खिचडी होते, कारण आत खरोखर इंग्रजी अक्षरंच असतात. कॉम्प्युटर बदलला, फॉन्ट हरवला, की मुलांच्या कविता, मुलाखती, सगळं वाचता येईनासं होतं. नवीन काम तरी युनिकोडमध्येच करू या.

फॉन्ट बसवणं अगदी सोपं आहे. गूगल फॉन्ट्सवरून झिप फाइल उतरवा, आधी ती पूर्ण उघडून घ्या (झिपच्या आतूनच बसवायला गेलं की गोंधळ होतो), फॉन्टच्या फाइलवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हणा. वर्ड उघडं असेल तर बंद करून पुन्हा उघडा. छापायला देताना पीडीएफच द्या. वर्डचीच फाइल हवी असेल, तर वर्डच्या सेव्हच्या पर्यायांमध्ये फॉन्ट फाइलमध्येच जोडण्याची सोय आहे, तिच्यावर टिक करा. आणि झिपमध्ये परवान्याची छोटी मजकूर-फाइल असते, ती कचरा समजून उडवू नका. पुढे फॉन्ट कुणाला दिलात तर तीही सोबत द्यायची असते.