ताई आली, नाक मागाहून!

परवा न्यू जर्सीची ताई व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता एकदम चौकोनाचौकोनांची झाली. एक डोळा कपाळावर, नाक बेपत्ता! माझ्याकडे राहायला आलेली आई घाबरली. "अगं बाई, हिला काय झालं?"

"आजी, मावशीची पॅकेटं हरवली!" आमचे आठवीतले चिरंजीव म्हणाले.

मग त्यानं आम्हां दोघींचा वर्गच घेतला. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका १९६६ साली सुरू झाली. तिच्यात माणूस चौथऱ्यावर उभा राहतो, विरघळतो नि परग्रहावर जसाच्या तसा प्रकटतो. दर भागात यान उतरवून दाखवणं खर्चाचं, म्हणून काढलेली ही युक्ती! काटकसर काही आपल्याच स्वयंपाकघरात नसते, मैत्रिणींनो.

संगणकाच्या जाळ्याचंही तसंच. बिऱ्हाड हलवताना आपण कपाट सुटं करतो, खोक्यांवर नंबर घालतो. तसे इथं मजकुराचे तुकडे पडतात, एकेक फार तर पंधराशे बाइटांचा. वाट्टेल त्या वाटेनं जावं, पलीकडे नंबर पाहून जुळावं. निरनिराळी जाळी जोडून हा व्यवहार कसा करावा, याची रीत व्हिन्टन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली मांडली. फोटो धाडला, तर पलीकडून पोच येते. पोच नाही आली, की तुकडा पुन्हा धाडायचा. समोरासमोर बोलताना मात्र थांबायला सवड कुठली? हरवलेला तुकडा सोडून पुढं जायचं. म्हणून ताईचं नाक गेलं!

"मग ताईला आणायचं झालं तर फोटोच्या रीतीनं आणा रे," आई म्हणाली. "उशीर झाला तरी चालेल, पण नाकीडोळी पुरती येऊ दे."

"पण आजी, मालिकेतला माणूस इथून नाहीसा होऊन तिकडे जातो. जाळ्यातून जाते ती नुसती नक्कल. मूळ जागच्या जागीच!"

आम्ही खो खो हसलो. आई मात्र गप्प झाली. पदरानं फोनची काच पुसत म्हणाली, "म्हणजे ताई तिकडेच राहिली ना शेवटी."

चकलीचा वास काही जाळ्यातून जात नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी भाजणी काढली. तीन डबे भरले, त्यांवर १, २, ३ असे नंबर घातले आणि कुरियरनं धाडले. ताईला कळवलंय, पोच दे. नाही आली, तर पुन्हा तळीन!