दोन मिनिटांत पोटाचे दुखणे कसे कळणार?

वेरूळहून छत्रपती संभाजीनगर सुमारे ३० किलोमीटर. दिवसाची मजुरी बुडवून पोटाचा जुना रुग्ण तिथे जातो आणि बऱ्याचदा ‘तिखट-तेलकट बंद करा’ एवढेच ऐकून परततो. दोष एकट्या डॉक्टरांचा नाही, दाराबाहेर रांग असते. ‘बीएमजे ओपन’मधील २०१७ च्या ६७ देशांच्या आढाव्यात भारतात प्राथमिक तपासणीला सरासरी दोनच मिनिटे मिळत होती, स्वीडनमध्ये २२ हून अधिक.

सर्दी-तापाला तेवढी पुरतील. आयबीएसचे निदान मात्र मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरच होते. ‘भाकरी चालते, पिठले बाधते’ हे नखरे नव्हेत. बेसन, कांदा, लसूण यांतील काही कर्बोदके लहान आतड्यात शोषली जात नाहीत. ती मोठ्या आतड्यात आंबतात आणि पोट फुगते. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाचा ‘लो फॉडमॅप’ आहार यावरच बेतलेला आहे. तो काही आठवड्यांचाच. पुढे एकेक पदार्थ परत खाऊन पाहायचा असतो. हे सांगणारे कोणी नसले की रुग्ण मनानेच ताट रिकामे करत जातो. गहू असा परस्पर सोडला, तर सीलिअ‍ॅकची रक्ततपासणीही फसू शकते.

चांगला डॉक्टर शौचातून रक्त जाते का, वजन घटले का, उपवासाला काय खाता हे विचारतो. घृष्णेश्वराच्या गावात तर साबुदाण्याचा प्रश्न आधी हवा! रुग्णानेही दोन आठवडे काय खाल्ले, कधी दुखले ते वहीत लिहून न्यावे. ती वही न उघडताच औषध लिहिले जात असेल, तर दुसरा डॉक्टर शोधण्यात संकोच नको.