आधी सात ऐकू येतो

गेल्या मंगळवारी धाकट्याची गणिताची वही दप्तरात नव्हती. सापडली ती गादीखाली. बाईंनी तोंडी सांगितलेले दहा आकडे, त्यातल्या सहांभोवती लाल गोल आणि खाली शेरा : 'लक्ष नसते. घरी सराव घ्यावा.' पोरगा दुसरीत आहे. सराव रोज होतो, जेवणाआधी अर्धा तास. त्यामुळे मला रागच आला. जरा चढ्या आवाजात विचारलं, "सदतीस म्हटल्यावर त्र्याहत्तर कसं लिहिलंस?"

"बाई आधी सात म्हणाल्या. मग तीस. म्हणून मी आधी सात लिहिला."

मी वही पुन्हा उघडली. बेचाळीसचे 24, अठराचे 81. एकोणसाठचे तर चक्क 61. त्याला एक ऐकू आला, साठ ऐकू आले, दोन्ही मिळवून तो मोकळा झाला. 'एकोण' म्हणजे एक उणा, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. सहाच्या सहा चुकांत पोराचं लक्ष अगदी कान देऊन होतं.

आपण आकडा बोलताना एकक आधी घेतो आणि लिहिताना दशक. कानडीत एकवीसला 'इप्पत्तोंदु' म्हणतात, म्हणजे वीस आणि एक. तिथलं मूल ऐकेल त्या क्रमाने लिहू शकतं. 2019 च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असंही वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे मुलं गोंधळतात, आणि जुनी नावं काही काढून टाकलेली नाहीत. मराठी बुडाली, असं म्हणणाऱ्यांत तेव्हा मीही होते. 'त्र्याहत्तर', 'अठ्ठ्याण्णव' हे शब्द मला आजही प्रिय आहेत, ते जाऊ नयेत. पण त्या बाई कुणाची बाजू घेऊन बोलत होत्या, हे मला गादीखालच्या वहीने दाखवलं.

मग मराठीची वही काढली. तिथेही तेच. 'आणि' लिहिताना तो आधी 'ण' काढतो, कारण तोच आधी ऐकू येतो, आणि मग पहिली वेलांटी द्यायला डावीकडे जागाच उरत नाही. ती बिचारी 'आ'च्या कान्यावर जाऊन चढते. 'सूर्य'मधला र उच्चारात य च्या आधी येतो आणि कागदावर त्याच्या डोक्यावर बसतो. याने सरळ 'सुरय' लिहिलेलं. तिथेही लाल गोल.

घरी याची झळ आम्हाला वेगळ्याच ठिकाणी लागत होती, फक्त कळत नव्हतं. सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून फोन लावायचं काम नातवाकडे. त्या नंबर जोडीजोडीने सांगतात : अठ्ठ्याण्णव, बावीस, सदुसष्ट. मागच्या महिन्यात दोनदा भलतीकडेच फोन लागला आणि पलीकडचा माणूस खेकसला. तेव्हापासून आजीने हाक मारली, की हा न्हाणीघरात जाऊन बसायचा. आम्ही त्याला आळशी म्हणत होतो. वर्गात पोरं 'उलट्या' म्हणतात, हेही त्या रात्री अंथरुणात कळलं. सांगताना त्याने तोंड भिंतीकडे केलं होतं.

बुधवारी मी बाईंना भेटले. त्यांच्या वर्गात पन्नासच्या वर मुलं आहेत. प्रत्येकाला 'असं का लिहिलंस' विचारायला त्यांना वेळ कुठून मिळणार, हे मला दिसत होतं. तरी म्हटलं, याला विचारून बघा. त्यांनी मधल्या सुट्टीत त्याला जवळ घेतलं, ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला काड्यांचे गठ्ठे घेऊन बसवलं.

त्याने स्वतःची एक युक्तीही काढली आहे. सदतीस ऐकलं, की डावीकडे एका आकड्याची जागा सोडून 7 लिहायचा, मग मागे येऊन 3 भरायचा. वेलांटीलाही तशीच जागा सोडतो. वेळ लागतो, हात काळा होतो. काल आजीचा नंबर त्याने आधी कागदावर असाच मांडला, तीनदा वाचला आणि मग लावला. पलीकडून मावशीआजीचा आवाज आला तेव्हा फोन आजीला द्यायचं विसरून तोच दहा मिनिटं बोलत राहिला.

एकोणसाठवर मात्र तो अजून अडून आहे. साठ नाहीतच, तर साठाचं नाव घ्यायचंच कशाला, असं त्याचं म्हणणं.