एकाच रक्ताचे दोन विकार

पावसाळ्यात हरिहरेश्वरच्या परिसरातील भातखाचरे तुडुंब भरतात. चिखलात उभा राहून लावणी करणारा शेतकरी आणि गोदामात शिरलेल्या पाण्यातून भिजलेली पोती हलविणारा व्यापारी, दोघांच्याही पायांना त्या पाण्याचा सारखाच स्पर्श होतो. उंदीर व गुराढोरांच्या मूत्रातून पाण्यात उतरलेले लेप्टोस्पायरा जंतू लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. कोकणाला हा आजार नवा नाही; २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईनेही त्याची साथ अनुभवली.

ताप, पोटऱ्यांतील तीव्र वेदना आणि लाल डोळे ही त्याची ओळख. वेळेवर औषध मिळाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. काहींच्या बाबतीत मात्र शरीराने जंतूंविरुद्ध पुकारलेला लढा स्वतःच्याच अवयवांवर उलटतो. ही अवस्था म्हणजे सेप्सिस. मग मूळ कारण लेप्टो असो, न्यूमोनिया असो वा मधुमेही माणसाच्या पायाची चिघळलेली जखम.

सेप्सिसमध्ये रक्त गोठण्याची यंत्रणा सर्व शरीरात एकाच वेळी जागी होऊ शकते. तिला आवर घालणारी अँटिथ्रॉम्बिन व प्रोटीन सी ही द्रव्ये घटतात, झालेल्या गुठळ्या विरघळविण्याची क्रियाही मंदावते. मूत्रपिंड, यकृत, फुफ्फुसे यांच्या सूक्ष्म वाहिन्यांत बारीक गुठळ्या अडकतात. सारा माल असा अस्थानी खर्च झाल्यावर, जेथे रक्त खरोखर थांबवायचे तेथे प्लेटलेट आणि गोठणद्रव्ये पुरत नाहीत. हिरड्यांतून, सुईच्या जागेतून, लघवीतून रक्त येऊ लागते. डॉक्टर ज्याला ‘डीआयसी’ म्हणतात ती हीच अवस्था.

नातेवाइकांचे लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर खिळते आणि बाटल्यांसाठी धावपळ सुरू होते. वस्तुतः रक्तस्राव नसल्यास साधारणपणे संख्या १० हजारांखाली, आणि धोका अधिक असल्यास २० हजारांखाली गेल्यावर प्लेटलेट देतात. खरा उपाय मूळ संसर्गावर: त्वरित प्रतिजैविके, सलाईन, पू साचला असल्यास तो काढणे. केवळ रक्ताची गोठण आवरून सेप्सिसवर मात करण्याची आशाही आजमावून झाली आहे. प्रोटीन सीचेच क्रियाशील रूप असलेले ‘झायग्रिस’ हे महागडे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. पुढील मोठ्या चाचणीत लाभ न दिसल्याने २०११ मध्ये ते बाजारातून काढून घेण्यात आले.

रक्तस्राव नसलेल्या अत्यवस्थ रुग्णाला पायांच्या मोठ्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन टोचतात. ते बहुधा डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनते, हे अनेक जैन घरांना ठाऊक नसते. फोंडापॅरिनक्स हे औषध रासायनिक रीतीने बनविले जाते. परंतु मूत्रपिंडे फार दुर्बल असल्यास ते चालत नाही, आणि सेप्सिसमध्ये मूत्रपिंडांनाच अनेकदा झळ बसते. डॉक्टरांना पर्याय अवश्य विचारावा, मात्र त्यासाठी इंजेक्शन अडवून धरू नये.

प्लेटलेट जेमतेम ५ दिवस टिकतात. लहान गावात त्यांचा साठा असणे कठीण. म्हणून तापाबरोबर धाप, गुंगी, कावीळ वा लघवी कमी होणे दिसताच, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयाकडे निघावे. सोबत आधीचे रक्ताचे अहवाल आणि चालू गोळ्यांची यादी घ्यावी. घरातील ज्येष्ठ ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन घेत असतील, तर शेवटची गोळी केव्हा घेतली ती वेळही त्याच कागदावर लिहावी.