जेवणावरचा कर घटला, तरी बव्हेरियातली घरची बिअर गार्डन्स अडचणीत का?

घरून डबा न्या, टेबलावर उघडा, मालक काहीही म्हणणार नाही. बिअर मात्र त्याच्याकडूनच घ्यायची. जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातल्या पारंपरिक बिअर गार्डनचा हा नियम २०० वर्षांहून जुना आहे. १ जानेवारी २०२६ पासून जर्मनीनं हॉटेलातल्या जेवणावरचा कर १९ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणला. पण या जुन्या नियमामुळेच कर कपातीचा फायदा सगळ्यांना सारखा मिळत नाही.

डब्याचा नियम आला कुठून?

१५३९ च्या नियमानुसार बव्हेरियात २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळातच बिअर बनवता येत होती. उन्हाळ्यात बिअर खराब व्हायची, शिवाय भट्ट्यांमुळे आगीचीही भीती होती. उन्हाळ्यासाठीचा साठा थंड राहावा म्हणून जमिनीखाली तळघरं खोदली गेली. वर खडी पसरली, सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावली. लोक तिथेच बसून बिअर प्यायला लागले.

त्यामुळे खानावळवाल्यांचं गिऱ्हाईक तुटलं आणि त्यांनी तक्रार केली. ४ जानेवारी १८१२ रोजी राजा मॅक्सिमिलियन पहिला जोसेफ यानं तोडगा काढला. बिअर बनवणाऱ्यांना जून ते सप्टेंबर तळघरावर बिअर विकता येईल, पण पावाशिवाय खायला काही देता येणार नाही. मग लोक घरून खाणं आणू लागले.

ही परंपरा कायद्यात कशी आली?

म्युनिकजवळच्या एका बिअर गार्डनच्या आवाजाबद्दल शेजारी कोर्टात गेले आणि ते रात्री साडेनऊला बंद करण्याची वेळ आली. त्याविरोधात १२ मे १९९५ रोजी हजारो लोक म्युनिकच्या रस्त्यावर उतरले. अखेर १९९९ च्या नियमावलीत संगीताला रात्री १० पर्यंत आणि बिअर गार्डनला ११ पर्यंत मुभा मिळाली. बाग आणि स्वतःचं खाणं आणण्याची सोय, या दोन गोष्टी बिअर गार्डनची ओळख मानल्या गेल्या.

कर कपातीचा फायदा नेमका कुणाला?

२० युरोच्या जेवणात आधी ३.१९ युरो कर होता, आता तो १.३१ युरो आहे. दर तोच ठेवला तर मालकाच्या हातात १.८८ युरो जास्त उरतात. पण पेयांवरचा कर १९ टक्केच आहे. म्हणजे ज्याचं स्वयंपाकघर जोरात चालतं, त्याला दिलासा. ज्याचं गिऱ्हाईक डबा घेऊन येतं, त्याची कमाई मुख्यतः बिअरवर, आणि तिथे काहीच बदललेलं नाही.

त्यात जर्मन माणूस पूर्वीपेक्षा बरीच कमी बिअर पितो. शिवाय कर घटला त्याच दिवशी किमान वेतन तासाला १२.८२ युरोवरून १३.९० युरो झालं. त्यामुळे एका हातानं मिळालेलं काही प्रमाणात दुसऱ्या हातानं जातं.

मग खरा प्रश्न काय?

गावातलं 'विर्ट्सहाऊस', म्हणजे खानावळ, अनेकदा एकाच कुटुंबाकडे पिढ्यान्‌पिढ्या असतं. लग्नाची पंगत, अंत्यसंस्कारानंतरचं जेवण, गावातल्या मंडळांच्या बैठका, सगळं तिथेच होतं. पण जग सुट्टीवर असतं तेव्हा या कुटुंबाचं काम सुरू असतं. शनिवार-रविवार आणि संध्याकाळ स्वतःसाठी हवी असलेली मुलं दुसरी नोकरी धरतात. मालक थकला की दाराला कुलूप लागतं. काही गावांत लोकांनी सहकारी संस्था काढून खानावळ पुन्हा सुरू केली आहे, पण प्रत्येक गावाला ते जमत नाही.

राजाच्या हुकमानं डबा वाचवला, १९९९ च्या नियमावलीनं संध्याकाळ वाचवली. कर कपातीमुळे काही स्वयंपाकघरं तगतीलही. पण वडिलांनंतर चूल कोण पेटवणार, हे कुठल्याही सरकारी आदेशानं ठरत नाही.